कीचकाचा साज, फोर्तुनातोचे घुंगरू

टेंभू, हरिपूर, सांगली. तिन्ही गावे कृष्णाकाठची. कराडजवळच्या टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले, सांगलीला खेटून असलेल्या हरिपुरात त्याच्या आदल्या वर्षी गोविंद बल्लाळ देवल, आणि खुद्द सांगलीत १८७२ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, देवलांनी ‘ऑथेल्लो’. खाडिलकरांनी हे दोन्ही पचवून पेशवाईवर आणि महाभारतावर आपली नाटके उभी केली. १८८३ ते १९०९ या पाव शतकात मराठी रंगभूमीला सूडाच्या ज्या मोठ्या गोष्टी मिळाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा या एका पट्ट्यातल्या माणसांच्या हातच्या आहेत. त्यात नदीच्या पाण्याचा गुण शोधण्याचे कारण नाही. पण सूडकथेतला उपरोध उमगण्यासाठी वाचकाला आधी काय ठाऊक असावे लागते, आणि कुठले ठाऊक नसलेलेच बरे, हा प्रश्न तपासायचा असेल तर याहून चांगला मुलूख मिळणे कठीण.

हा प्रश्न जगभरच्या वर्गांत ज्या कथेच्या निमित्ताने विचारला जातो, ती एडगर ॲलन पोची ‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’, १८४६ सालची. इटलीतले एक बिननावाचे शहर, कार्निव्हलची संध्याकाळ. माँट्रेसॉर नावाचा खानदानी गृहस्थ फोर्तुनातोला रस्त्यात गाठतो. फोर्तुनातोने विदूषकाचा रंगीबेरंगी पोशाख चढवला आहे, टोपीला घुंगरू आहेत आणि पोटात भरपूर दारू आहे. अमॉन्टिलाडो म्हणून एक पिंप घेतले खरे, पण ते अस्सल आहे की नाही याची शंका येते, आणि पारखायला आपण दुसऱ्याच कुणाकडे निघालो आहोत, एवढेच माँट्रेसॉर बोलतो. पारखीपणाचा तोरा असलेला फोर्तुनातो आपण होऊन त्याच्या मागे लागतो. दोघे वाड्याखालच्या तळघरात उतरतात. तिथे मद्याच्या पिंपांशेजारी घराण्यातल्या मृतांची हाडे रचलेली आहेत. शेवटच्या कोनाड्यात माँट्रेसॉर त्याला साखळीने जखडतो आणि समोर दगडांचे थर रचून भिंत चढवतो. या गोष्टीला पन्नास वर्षे झाली, अजून तिथे कुणी हात लावलेला नाही, असे सांगून कथा संपते.

फोर्तुनातो खोकतो, या खोकल्याने आपण काही मरणार नाही म्हणतो, माँट्रेसॉर त्याला मनापासून दुजोरा देतो. फोर्तुनातो आजूबाजूला पुरलेल्यांच्या नावाने पेला उचलतो, माँट्रेसॉर त्याच्या दीर्घायुष्यासाठी. इथवर कुणालाही कळते. पण याच कथेत असे उपरोधही आहेत, जे बाहेरची माहिती नसेल तर हातातून निसटतात. फोर्तुनातो फ्रीमेसन मंडळाची गुप्त खूण करतो. माँट्रेसॉरला ती कळत नाही, तरी आपणही त्यातलेच असे तो सांगतो आणि पुरावा म्हणून झग्याखालून गवंड्याची थापी काढून दाखवतो. मेसन म्हणजे मुळात गवंडी, हे ज्याला माहीत नाही त्याला ती थापी नुसती विचित्र वाटेल. कार्निव्हलचेही तसेच. उपवासाचा लांब काळ सुरू होण्याआधीचे ते मोकाट दिवस, धनी आणि चाकर मुखवट्यांत एक होतात. म्हणून तर काळा रेशमी मुखवटा लावलेल्या माणसाकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. एक गोष्ट मात्र वाड्यात वाढलेल्या मराठी वाचकाला कुणी समजावून द्यावी लागत नाही. मी सकाळपर्यंत परतणार नाही, कुणीही घर सोडायचे नाही, अशी सक्त ताकीद माँट्रेसॉर नोकरांना देऊन ठेवतो. आणि त्याची पाठ वळताच झाडून सारे जत्रेला पळणार, हे त्याला पक्के ठाऊक असते.

घराण्याच्या मानचिन्हापाशी थोडे थांबायला हवे. निळ्या ढालीवर सोन्याचे मोठे पाऊल, ते सापाला चिरडते आहे, आणि सापाचे दात टाचेत रुतलेले आहेत. खाली लॅटिन वचन, मतलब असा की मला डिवचणारा सुखाने सुटत नाही. आता या चित्रात माँट्रेसॉर कोण, पाऊल की साप? इंग्रजी समीक्षेत यावर बरीच शाई खर्ची पडली आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याच्या माणसाला विचारले तर तो क्षणभरही अडखळणार नाही. डिवचलेला नाग डूख धरतो, वर्षांनी येऊन गाठतो, ही समजूत त्या नागपंचमीच्या गावात आणि त्याच्या आसपास प्राणिशास्त्राला न जुमानता टिकून आहे. जिवंत नागांच्या मिरवणुकांवर कायद्याने आणि न्यायालयाने बंधने आणली. समजुतीवर कोण आणणार? त्या समजुतीतून पाहिले की माँट्रेसॉर स्वतःला पाऊल समजणारा साप ठरतो. आणि फोर्तुनातोला हे मानचिन्ह आठवतही नाही, तो त्याची चौकशी करतो. ज्या अपमानांचा पाढा माँट्रेसॉर कधीच वाचत नाही, त्यांतला एक आपल्या डोळ्यांदेखत घडतो तो इथे.

कथेच्या आतली ही माहिती एका जातीची. दुसऱ्या जातीची माहिती लेखकाच्या चरित्रातून येते. पोचे टॉमस डन इंग्लिश नावाच्या लेखकाशी हाडवैर होते. १८४६ मध्ये दोघांनी एकमेकांची छापील बेअब्रू केली, इंग्लिशचा मजकूर छापणाऱ्या न्यूयॉर्कच्या पत्रावर पोने दावा लावला आणि १८४७ च्या फेब्रुवारीत सव्वादोनशे डॉलरच्या आसपास भरपाई मिळवली. इंग्लिशने एका कादंबरीत पोचे विडंबन केले होते, तिथे गुप्त मंडळे होती, म्हणून इथे मेसनची खूण आली, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो खराही असेल. तिसरी एक दंतकथा बॉस्टनच्या किल्ल्याची. १८१७ मध्ये तिथे एका अधिकाऱ्याचा द्वंद्वात बळी गेला आणि सोबत्यांनी मारेकऱ्याला तळघरात चिणले. दहा वर्षांनी त्याच किल्ल्यावर शिपाई म्हणून आलेल्या पोने ती हकिकत ऐकली. द्वंद्व झाले होते आणि पो तिथे होता, एवढे खरे. पण तो मारेकरी चिणला वगैरे गेला नाही, पुढे जवळपास तीस वर्षे जगला. आपल्याकडच्या कुठल्या ना कुठल्या बुरुजाखाली माणूस पुरल्याची जी आख्यायिका असते, तिचीच ही गोरी बहीण. फरक एवढाच की आपल्या आख्यायिकेत माणूस पुरतात तो बांधकाम टिकावे म्हणून, वैरापोटी नव्हे. पुरंदरच्या बुरुजाची कथा अशीच आहे.

माझे मत विचाराल तर पहिल्या जातीची माहिती नसेल तर कथा अर्धीच पोहोचते, आणि दुसऱ्या जातीची फार झाली तर कथा आक्रसते. फोर्तुनातो म्हणजे इंग्लिश असे एकदा म्हटले की माँट्रेसॉर म्हणजे पो होतो, आणि एका थंड डोक्याच्या खुन्याचे बोलणे आपण चिडलेल्या लेखकाची तक्रार म्हणून वाचू लागतो. फोर्तुनातोने हजार जखमा केल्या म्हणतो, त्यांतली एकही सांगत नाही, ही त्या कथेची खरी मेख आहे. ती जागा लेखकाने मुद्दाम रिकामी सोडली. आपण चरित्रातला राडारोडा आणून ती भरायची कशाला?

मात्र ही वाटणी जशीच्या तशी ‘कीचकवधा’ला लावायला गेलो की ती कोसळते.

वाईला विराटनगरी म्हणायची रीत जुनी आहे. जवळच पांडवगड, थोड्या अंतरावर वैराटगड. अज्ञातवास इथेच घडला असे त्या भागात सांगतात. राजस्थानातल्या बैराटचाही तोच दावा आहे, त्याचा निकाल पंडितांनी लावावा. विराटपर्वातला प्रसंग मात्र पोच्या कथेशेजारी ठेवून वाचण्याजोगा आहे. राणी सुदेष्णेचा भाऊ आणि राज्याचा सेनापती कीचक सैरंध्रीच्या, म्हणजे दासीवेषातल्या द्रौपदीच्या मागे लागतो, भर सभेत तिला लाथ मारतो. धर्मराज कंक नावाने तिथेच बसला आहे, तो गप्प राहतो. रात्री ती मुदपाकखान्यात बल्लव झालेल्या भीमाला उठवते. मग सापळा ठरतो, रात्री ओस पडणाऱ्या नर्तनशाळेत. दिवसा याच शाळेत अर्जुन बृहन्नडा होऊन मुलींना नाच शिकवतो. कीचक सुगंध लावून, दागिने घालून, नटूनथटून अंधारात शिरतो आणि सैरंध्री समजून भीमाच्या अंगाला हात लावतो. आपल्यासारखा देखणा पुरुष नाही असे बायका म्हणतात, ही फुशारकी तो अंधारातल्या त्या देहाला ऐकवतो. आणि भीम उत्तर देतो की असा स्पर्श तुला याआधी कधी झाला नसेल. पुढे जे होते त्यात कीचकाचे हातपाय धडात कोंबून मांसाचा गोळा करण्यापर्यंत मजल जाते. भयकथा म्हणून या दृश्याला तोड नाही. व्यासांना गॉथिक शब्द ठाऊक नव्हता, इतकेच.

दोन्हीकडे बळी आपल्या मरणासाठी सजून येतो, आपल्याच हौसेच्या मागे येतो, मारणारा वेष पालटून असतो आणि प्रत्येक वाक्याला दोन अर्थ असतात, ज्यांतला एकच बळीला ऐकू येतो. भेद आहे तो अपराधात. कीचकाची लाथ अख्ख्या सभेने पाहिली. फोर्तुनातोच्या हजार जखमा कुणीच पाहिल्या नाहीत. म्हणून भीमाच्या बाजूने उभे राहायला आपल्याला लाज वाटत नाही, आणि माँट्रेसॉरच्या बोलण्याला मनातल्या मनात हसून घेतले की पाठोपाठ ओशाळल्यासारखे होते.

खाडिलकरांनी १९०७ मध्ये या प्रसंगाला हात घातला तेव्हा ते ‘केसरी’त टिळकांचे सहकारी होते. बंगालची फाळणी करून लॉर्ड कर्झन १९०५ च्या अखेरीस मायदेशी परतला होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, सत्याचा उच्च आदर्श ही मुख्यतः पश्चिमेची कल्पना आहे, अशा आशयाचे भाषण करून त्याने देशभर संताप ओढवून घेतला होता. त्याला उत्तर म्हणून की काय, खाडिलकरांनी निवडली ती अशी कथा, जिच्यात सत्यवादी धर्मराजासकट सारे खोट्या नावाने वावरतात. ‘महाराष्ट्र नाटक मंडळी’ने ती रंगभूमीवर आणली. सरळ पौराणिक नाटक, सेन्सॉरला बोट ठेवायला शब्द नाही. आणि थिएटरातल्या पिटातल्या माणसालासुद्धा कळत होते की कीचक कोण, सैरंध्री कोण, सोसत राहा म्हणणारा कंक कोण आणि मुठी आवळणारा बल्लव कोण.

यातली गंमत अशी की हा दुहेरी अर्थ सर्वांत पद्धतशीरपणे लिहून ठेवला तो शत्रूने. ‘टाइम्स’चा व्हॅलेंटाइन चिरोल. १९१० च्या आपल्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकात त्याने नाटकाची किल्लीच छापली: कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, धर्म म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. टिळकांनी पुढे याच पुस्तकावरून लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये ते तो हरले. पण नाट्यसमीक्षक म्हणून चिरोलचे वाचन चुकले होते असे म्हणायची सोय नाही. सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. बंदी घालणे म्हणजे आपणच कीचक आहोत असे सरकारी शिक्क्यानिशी कबूल करणे, हा उपरोध खाडिलकरांनी लिहिलेला नव्हता. तो त्यांना आयता मिळाला.

बंदीच्या आधीचे काही आठवडेही विसरून चालत नाही. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या काळ्या पाण्याच्या शिक्षेचा तो सूड होता. त्या रात्री तिथे किर्लोस्कर मंडळीचा खेळ होता देवलांच्या ‘शारदा’चा. म्हाताऱ्याशी लग्न लावले जाणाऱ्या मुलीची गोष्ट, तिच्यात ना कर्झन ना कीचक. सरकारने ‘शारदा’ला दोष दिला नाही, तो देण्यासारखा नव्हताच. पण नाट्यगृहात खरोखरच रक्त सांडल्यावर रंगमंचावरच्या रूपकाकडे पोलीस कोणत्या नजरेने पाहणार, हे सांगायला नको.

तेव्हा ‘कीचकवधा’त बाहेरची माहिती आत शिरलेली आहे, नव्हे, नाटक अर्धे तिच्यावरच उभे आहे. कर्झनला काढून टाकले तर महाभारत उरते, आणि ते व्यासांकडे अधिक चांगले आहे. आज हे नाटक वाचताना मला कीचकाची लांबलचक दर्पोक्ती कंटाळवाणी वाटते आणि त्या दर्पोक्तीला १९०७ मध्ये जो ताण असेल त्याची नुसती कल्पना करावी लागते. पोने आपले भांडण कथेतून पुसून टाकले म्हणून कथा टिकली. खाडिलकरांनी देशाचे भांडण नाटकात भरले म्हणून नाटक त्या तीन वर्षांत विजेसारखे चालले. यातला कुठला सौदा चांगला, हे लेखकाच्या काळावर अवलंबून आहे. पारतंत्र्यातल्या माणसाला टिकाऊपणाची चैन परवडतेच असे नाही.

आगरकरांचे प्रकरण आणखी चमत्कारिक. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना वेडे ठरवून त्यांचा छळ चालवला आहे, असा आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर केला. बर्व्यांनी खटला भरला. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि एकशे एक दिवस राहिले. ‘हॅम्लेट’ मराठीत आणण्याचे काम आगरकरांच्या हाती होते ते याच काळात. ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये आले. वेडाचे सोंग घेणाऱ्या राजपुत्राची गोष्ट, एका राजाला वेडा ठरवल्याच्या प्रकरणात तुरुंगात गेलेल्या माणसाच्या हातून. आणि त्याच १८८३ च्या डिसेंबरात ते छत्रपती अहमदनगरच्या किल्ल्यात, पहाऱ्यावरच्या गोऱ्या सोल्जरशी झालेल्या झटापटीत गेले.

ही माहिती कळल्यावर ‘विकारविलसित’ची पाने वेगळी दिसू लागतात, हे मी नाकारत नाही. तरीही मी तिला पोच्या भांडणाच्याच फडताळात ठेवीन. आगरकरांनी नाटकाला जे नाव दिले त्यात कोल्हापूर नाही, सूडही नाही. विकारांचा खेळ आहे. त्यांना राजकारणापेक्षा मन दाखवायचे होते असे ते नावच सांगते. शिवाय ‘हॅम्लेट’मधला सर्वांत तिखट उपरोध कळायला कोल्हापूर लागत नाही. चुलता प्रार्थनेला बसलेला, पाठीमागे तलवार उपसलेला हॅम्लेट. प्रार्थनेत मारला तर हा स्वर्गात जाईल, म्हणून तो हात आवरतो. आणि तो निघून गेल्यावर चुलता पुटपुटतो की आपली प्रार्थना वर पोहोचतच नाही. अंतकाळी तोंडात कोणाचे नाव आहे यावर गती ठरते, हे इथल्या प्रेक्षकाने कीर्तनातल्या अजामिळाच्या आख्यानात लहानपणीच ऐकलेले असते. डेन्मार्क कुठे आहे हे न कळताही साताऱ्याचे नाव मिरवणाऱ्या शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशांचा हॅम्लेट लोकांनी डोक्यावर घेतला, त्यामागे अभिनय होताच, पण ही तयारीही होती.

प्रेक्षकाला गोष्ट आधीच ठाऊक असणे हा तर सांगलीच्या रंगभूमीचा पायाच. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांपुढे ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा धनुष्य कोण मोडणार याची उत्कंठा कुणालाच नव्हती. रावण धनुष्याला हात घालतो तेव्हाचे हसू त्या ठाऊक असण्यातूनच येते. देवलांनी हे मर्म दोन टोकांना वापरले. १८९० च्या ‘झुंजारराव’मध्ये ‘ऑथेल्लो’ मराठी वेषात आला: खलनायकाला सारे प्रामाणिक म्हणतात, त्याचा कावा फक्त आपल्याला ठाऊक, आणि आपण खुर्चीत बसून काही करू शकत नाही. पुढे ‘संशयकल्लोळ’मध्ये तोच संशय, तसाच एका वस्तूवरून उठलेला, रुमालाऐवजी तसबीर, आणि इथे आपण पोट धरून हसतो. फाल्गुनराव आणि झुंजारराव हे एकाच रोगाचे दोन रोगी आहेत. फरक पडतो तो शेजारी इयागो असण्या-नसण्याने. सूडाच्या उपरोधाला एक थंड डोके लागते. ते काढून घेतले की तीच यंत्रणा फार्स देते. पोच्या कथेत विदूषकाचे कपडे घालून मरणारा माणूस आहे, तो या सीमेवरच उभा आहे.

खाडिलकरांचे १९०९ चे ‘भाऊबंदकी’ हे नारायणराव पेशव्यांच्या खुनाचे नाटक. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी. धरावेचे मारावे झाले ही आख्यायिका प्रत्येकाला पाठ असते, आणि पौर्णिमेला वाड्यात ऐकू येणाऱ्या किंकाळीची भुताटकीही. खाडिलकरांना भुतात रस नव्हता. त्यांनी माहुलीच्या रामशास्त्र्यांना मध्ये उभे केले. साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णा संगमावरचे हे गाव. तिथला ब्राह्मण राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगतो आणि पुणे सोडून वाईकडे निघून जातो. सूडकथेत न्यायाधीश आला की उपरोधाची जात बदलते. इथे खून करणाऱ्यालाच आपल्या गुन्ह्याचा निकाल ऐकावा लागतो, आणि निकाल देणाऱ्याकडे तो अमलात आणणारी फौज नसते.

वाईपासून हाकेच्या अंतरावर मेणवली, नाना फडणविसांचा वाडा. नानांना मध्ये ठेवून १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांनी ‘घाशीराम कोतवाल’ लिहिले. ते मी मराठीतले सर्वांत पक्के सूडनाट्य मानतो, कारण तिथे सूड घेणाऱ्याला आपण कुणाचे हत्यार झालो हे शेवटपर्यंत उमगत नाही. पुण्यात अपमान झालेला घाशीराम पुण्याला डुकरांचे राज्य करून सोडायची प्रतिज्ञा करतो, कोतवाली मिळवतो, मुलगी गमावतो, आणि शेवटी ज्यांच्यावर सूड उगवायचा त्यांच्याच दगडांखाली मरतो. नाना सण साजरा करायला सांगतात. या नाटकावर गदारोळ झाला तो मुख्यतः खरे नाना असे नव्हते या मुद्द्यावर. एकोणीस प्रयोगांनंतर ते काही काळ थांबलेही. म्हणजे ‘कीचकवधा’च्या वेळी सरकारने पुराणात इतिहास वाचला, आणि इथे वाचकांनी नाटकात इतिहासाशिवाय काहीच वाचायचे नाकारले. दोन्हीकडे माहिती भरपूर होती. ती कुठे थांबवायची हे सुचले नाही.

वाळवे तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. तेव्हा सांगली जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते. जोगणीच्या प्रथेत बाप राणोजी मारला जातो आणि मुलगा वाढतो, एवढ्यावर एखाद्याने खानदानी वैराची कादंबरी रचली असती. अण्णा भाऊंनी वैराची धार गावावरून सरकारी खजिन्याकडे वळवली. ज्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवून हजेरी लावली, त्याची माहिती नसेल तर फकिराच्या बंडातला उपरोध निम्मा हरवतो: कायदा त्याला आधी गुन्हेगार म्हणतो आणि मग तसे व्हायला भाग पाडतो. ही माहिती कादंबरीत आहे. तरी आजच्या शहरी वाचकाला ती तळटीप म्हणून द्यावी लागते.

मराठी गूढकथेत माँट्रेसॉर फारसा का सापडत नाही, याचाही विचार करावा. नारायण धारपांकडे दुष्टावा बहुतेक बाहेरून येतो आणि त्याच्याशी झुंजायला समर्थांसारखा कुणी उभा राहतो. रत्नाकर मतकरींकडे तो साध्या घरात, सभ्य माणसात असतो. पोच्या जवळचे कुणी असेल तर तेच. पण आपला खुनी बहुधा शेवटी पकडला जातो, वेडा होतो किंवा भूत त्याला गाठते. पन्नास वर्षे सुखाने जगून शांतपणे हकिकत सांगणारा खुनी आपल्या कर्मफळाच्या संस्कारात बसत नाही. पोच्या कथेतही तो शांत आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. आतून उत्तर येईनासे होते, नुसते घुंगरू वाजतात, तेव्हा त्याच्या काळजात कालवते. आणि लगेच तो खुलासा करतो की ते तळघरातल्या ओलीमुळे. तो हे सारे सांगतो आहे ते त्याचे मन पुरते ओळखणाऱ्या कुणाला तरी. मरणशय्येपाशी बसलेला धर्मगुरू असेल, तर ही फुशारकी नसून कबुली आहे, आणि सूड घेणाऱ्याला शासन होता कामा नये हा त्याचा स्वतःचाच नियम पन्नास वर्षांनी मोडला आहे. विराटपर्व ज्याला ऐकवले जाते तो जनमेजयही असाच एक ऐकणारा. बापाला तक्षकाने मारले म्हणून जगातले सारे साप जाळायला निघालेल्या राजाला पणज्यांच्या सूडाची गोष्ट सांगितली जाते. ऐकणारा कोण हे कळले की गोष्टीचे वजन बदलते, आणि ही माहिती बाहेरची नव्हे, दोन्ही ग्रंथांच्या आतली आहे.

विद्यार्थ्यांसाठी या पुस्तकांच्या सटीप आवृत्त्या कुणी काढणार असेल, तर माझी मागणी साधी आहे. पोच्या कथेत थापी, कार्निव्हल आणि मानचिन्ह यांच्या टिपा त्या-त्या पानाखाली द्याव्यात आणि इंग्लिशबरोबरच्या भांडणाला परिशिष्टात चार ओळी. ‘विकारविलसित’मध्ये कोल्हापूर प्रकरण उत्तरार्धात, नाटक वाचून झाल्यावर. ‘कीचकवधा’त मात्र उलट करावे. कर्झनचे कलकत्त्याचे भाषण आणि फाळणीचा हुकूम हे पहिल्या अंकाच्या आधी छापावे, नंतर आलेली चिरोलची किल्ली आणि बंदीचा आदेश शेवटच्या अंकानंतर, कारण १९०७ चा प्रेक्षक तिकीट काढून आत शिरला तो एवढे सारे डोक्यात घेऊनच.